वाट सोडणारे: फॉर्म्युला वनमधील टीम ऑर्डर आणि खिलाडूवृत्ती

फॉर्म्युला वनच्या प्रत्येक शर्यतीत दोन स्पर्धा एकाच वेळी चालू असतात. एक ड्रायव्हरांची, १९५० पासूनची. दुसरी गाड्या बनवणाऱ्या संघांची, १९५८ पासूनची. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या मैदानात उतरतात आणि दोन्हींचे गुण संघाच्या खात्यात जमा होतात. आजच्या पद्धतीने पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण मिळतात. एकाच संघाच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या, तर त्यातली कोणतीही पुढे असली तरी संघाची बेरीज ४३च होते. ड्रायव्हरसाठी मात्र त्या सात गुणांत विश्वविजेतेपद असू शकते. दोन सहकाऱ्यांनी जागा बदलल्या तर संघाचे काहीच जात नाही आणि त्यातल्या एकाचे सगळे जाते. टीम ऑर्डर, म्हणजे कोणी कोणाच्या पुढे राहावे याबद्दल संघाने दिलेला हुकूम, हा या खेळातला सर्वांत जुना आणि सर्वांत कडवट वाद इथूनच सुरू होतो.

सहकारी हा ड्रायव्हरचा सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी असतो, हेही लक्षात घ्यायला हवे. दुसऱ्या संघाच्या ड्रायव्हरने हरवले तर गाडीला दोष देता येतो. तशीच गाडी, तेच इंजिन, तेच टायर घेऊन शेजारचा माणूस पुढे गेला तर दोष द्यायला काही उरत नाही. ड्रायव्हरची किंमत, पुढचा करार, त्याच्याबद्दल लोकांचे मत हे सारे आधी सहकाऱ्याशी तुलना करूनच ठरते. त्यामुळे वाट सोडण्याचा हुकूम हा केवळ गुणांचा हिशेब राहत नाही.

आदेशाची रूपे अनेक आहेत. सर्वांत साधा आदेश म्हणजे शेवटच्या पिट स्टॉपनंतर, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यानंतर, आहे ती क्रमवारी राखणे, एकमेकांवर चढाई न करणे. दोन गाड्या एकमेकींवर आपटून दोन्हींचे गुण जाऊ नयेत ही त्यामागची काळजी रास्तच म्हणायची. दुसरा आदेश जागा बदलण्याचा. तिसऱ्यात एक सहकारी प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम अडवून धरतो. अबु धाबीत २०२१ च्या अखेरच्या शर्यतीत सर्जिओ पेरेझने मर्सिडिजच्या हॅमिल्टनला असेच रोखले आणि मागे पडलेल्या आपल्या सहकाऱ्याला, व्हर्स्टापेनला, मोलाचे सेकंद मिळवून दिले. याखेरीज एक मूक आदेशही असतो: टायर बदलायला आधी कोणाला बोलवायचे. नव्या टायरवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जो वेग मिळतो, त्याने मागचा गडी एकही शब्द न बोलता पुढे जातो. प्रेक्षकाला यात आदेश दिसत नाही, पण पिट-वॉलवर बसलेल्या संघाच्या लोकांना आपण काय केले ते पक्के ठाऊक असते.

सुरुवातीच्या वर्षांत तर जागाच काय, गाडीच द्यावी लागे. एका शर्यतीत दोघांनी मिळून एक गाडी चालवली तर गुण वाटून देण्याची पद्धत होती. १९५१ मध्ये रीम्स येथे आल्फा रोमिओ संघाच्या फॅन्जिओची गाडी नादुरुस्त झाली, तेव्हा संघाने त्याचा सहकारी लुइजी फाजिओली याला खाली उतरवून त्याची गाडी फॅन्जिओला दिली. ती गाडी जिंकली. ५३ वर्षांचा फाजिओली त्या भागीदारीमुळे ग्रां प्री जिंकणारा सर्वांत वयस्कर ड्रायव्हर म्हणून आजही नोंदला जातो, पण या अपमानानंतर त्याने ग्रां प्री शर्यतींकडे पाठ फिरवली. विक्रमाच्या पुस्तकात विजय दिसतो, त्यामागचा संताप दिसत नाही.

याच प्रथेचे दुसरे टोक मोंझा येथे २ सप्टेंबर १९५६ रोजी दिसले. फेरारीकडून खेळणारा फॅन्जिओ गुणतक्त्यात पुढे होता, पण त्याच्या गाडीचे स्टिअरिंग बिघडले. संघाचा इटालियन ड्रायव्हर लुइजी मुसो टायर बदलायला पिटमध्ये आला, तेव्हा त्याने गाडी सोडायची सूचना मानली नाही आणि तो पुन्हा निघून गेला. घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकण्याची संधी त्याला दिसत होती. मग पीटर कॉलिन्स आत आला. चोवीस वर्षांच्या या इंग्रज ड्रायव्हरला त्या दिवशी स्वतः विश्वविजेता होण्याची संधी होती. शर्यत आणि सर्वांत वेगवान फेरी दोन्ही त्याला मिळाली असती आणि फॅन्जिओ रिकाम्या हाताने राहिला असता, तर किताब त्याचा होता. तो गाडीतून उतरला आणि फॅन्जिओला बसवले. शर्यत स्टर्लिंग मॉसने जिंकली, फॅन्जिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला. आपण तरुण आहोत, आपल्याला पुढे वेळ आहे, असे कॉलिन्सचे म्हणणे होते. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५८ मध्ये, नुरबुर्गरिंगवरील अपघातात तो मरण पावला. विश्वविजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. मुसोचाही त्याच वर्षी रीम्सला अंत झाला. मुसोला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपली शर्यत आपल्याकडे ठेवली एवढेच. पण कॉलिन्सने जे केले ते देणे होते, आणि देण्यासाठी नकाराची मुभा असावी लागते. ती त्या दिवशी होती, हे मुसोनेच काही मिनिटे आधी सिद्ध केले होते.

खिलाडूवृत्तीचा विषय संघापुरता मर्यादित नाही, हे दोनच वर्षांनी दिसले. १९५८ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तोच्या शर्यतीत माइक हॉथॉर्नची गाडी अखेरच्या फेरीत बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करताना तो उलट्या दिशेने गेला असा ठपका पंचांनी ठेवला. त्याला बाद करण्याचे घाटत होते. शर्यत जिंकलेला मॉस पंचांपुढे गेला आणि हॉथॉर्न त्या वेळी शर्यतीच्या मुख्य रस्त्यावर नव्हता, अशी साक्ष त्याने दिली. हॉथॉर्नचे गुण राहिले. त्या हंगामात मॉसने चार शर्यती जिंकल्या, हॉथॉर्नने एक. तरीही किताब हॉथॉर्नला मिळाला, ४२ विरुद्ध ४१ गुणांनी. ज्याच्याशी किताबासाठी झुंज चालू आहे त्याच्या बाजूने खरे बोलल्यामुळे एका गुणाने किताब गेला, आणि मॉस पुढेही कधी विश्वविजेता झाला नाही. त्याच हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, कासाब्लांकाला, फेरारीच्या फिल हिलने वेग कमी करून हॉथॉर्नला दुसरे स्थान दिले होते. एकाच किताबात अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याची सचोटी आणि सहकाऱ्याला मिळालेला हुकूम अशा दोन्ही गोष्टी मिसळल्या आहेत.

गाडी वाटून घेण्याला गुण मिळणे बंद झाल्यावर आदेश पिट-बोर्डावर आला. फेरी संपताना ड्रायव्हरला भिंतीवरून दाखवलेली ती पाटी. तिच्यावर मावतील तेवढीच अक्षरे. १९७९ मध्ये मोंझाला फेरारीचा जिल व्हिलनव अखेरपर्यंत आपल्या सहकाऱ्याच्या, शेक्टरच्या, मागे राहिला. हल्ला केला असता तर किताबाची शर्यत खुली राहिली असती, पण संघाला दिलेला शब्द त्याने पाळला आणि शेक्टर विश्वविजेता झाला. १९८१ मध्ये ब्राझीलला उलट घडले. विल्यम्स संघाने आधी जोन्स आणि मागे रॉयटेमन अशी नावे पाटीवर दाखवली. पावसात पुढे असलेल्या रॉयटेमनने ती पाटी पाहूनही न पाहिल्यासारखे केले आणि शर्यत जिंकली. तो करार मोडणे होते, कारण जोन्सला प्राधान्य हे त्याने मान्य केले होते. त्या वर्षी विश्वविजेतेपद त्याच्या हातून एका गुणाने निसटले आणि ते नेल्सन पिकेला मिळाले. अखेरच्या शर्यतीत जोन्सकडून त्याला मदत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

अर्धवट आदेशाने किती हानी होते, याचे उदाहरण २५ एप्रिल १९८२ च्या इमोला शर्यतीत आहे. बहुतेक ब्रिटिश संघांच्या बहिष्कारामुळे मैदानात फक्त १४ गाड्या होत्या. रेनोच्या गाड्या बाद झाल्यावर फेरारीचे व्हिलनव आणि पिरोनी पहिल्या-दुसऱ्या स्थानावर आले. इंधन पुरावे म्हणून संघाने पाटी दाखवली, तिचा अर्थ एवढाच की हळू चला. पुढे असलेल्या व्हिलनवने त्यातून समजून घेतले की क्रमवारी ठरली. पिरोनीने समजून घेतले की शर्यत अजून चालू आहे. व्हिलनव वेग कमी करी, पिरोनी पुढे जाई, व्हिलनव जागा परत घेई. अखेरच्या फेरीत पिरोनीने पुन्हा मुसंडी मारली आणि तो जिंकला. तीन वर्षांपूर्वी शेक्टरसाठी स्वतः शब्द पाळलेल्या व्हिलनवला हा विश्वासघात वाटला. पिरोनीशी पुन्हा बोलणार नाही असे त्याने ठरवले. १३ दिवसांनी, ८ मे रोजी, झोल्डर येथे पात्रता फेरीत, पिरोनीची वेळ आपल्यापेक्षा चांगली असताना, तो सावकाश जाणाऱ्या गाडीवर आदळून मरण पावला. इमोलामुळेच तो मेला असे म्हणणे बरोबर नाही. वेगाच्या शर्यतीत अपघात तसेही होत. पण पाटीवरच्या त्या शब्दाचा अर्थ दोघांनाही आधीच एकसारखा सांगितलेला असता, तर त्या दोन आठवड्यांतली कटुता टळली असती हे निश्चित.

रेडिओ आला तेव्हा आदेश बोलता येऊ लागला आणि आदेश ऐकणारेही वाढले. १९९८ मध्ये मेलबर्नला मॅक्लारेनचा कूल्टहार्ड सरळ रस्त्यावर हळू झाला आणि त्याने हॅक्किनेनला विजय दिला. पहिल्या वळणावर जो पुढे असेल तो जिंकेल, असे दोघांत ठरले होते आणि हॅक्किनेन रेडिओ संदेश चुकीचा ऐकून पिटमध्ये शिरल्याने मागे पडला होता. दोघांच्या दृष्टीने ते वचन पाळणे होते. पैसे भरून आलेल्या प्रेक्षकाला मात्र त्या वचनाची कल्पना नव्हती. इथे वादात तिसरा पक्ष शिरला, तो म्हणजे बघणारा.

या तिसऱ्या पक्षाचा राग १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात उसळला. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो पहिल्या स्थानावरून सुटला आणि जवळजवळ सबंध शर्यतभर पुढे राहिला. हंगामातली ही सहावीच शर्यत होती आणि आधीच्या पाचांपैकी चार त्याच्या सहकाऱ्याने, शूमाकरने, जिंकल्या होत्या. त्याला त्या गुणांची गरज नव्हती. तरीही आदेश आला. बॅरिकेलो अखेरच्या वळणापर्यंत पुढेच राहिला आणि अंतिम रेषा डोळ्यांसमोर असताना त्याने वेग कमी केला. शूमाकर ०.१८२ सेकंदांनी जिंकला. स्टँडमधून हुर्यो उठली. विजयमंचावर शूमाकरने बॅरिकेलोला वरच्या पायरीवर उभे केले आणि आपला करंडक त्याला दिला, त्याने लोक आणखी चिडले. मोटर-शर्यतींच्या जागतिक संघटनेने दहा लाख डॉलरचा दंड केला, त्यातला अर्धा स्थगित ठेवला. पण तो दंड विजयमंचाचे संकेत मोडल्याबद्दल होता. आदेशाविरुद्ध नियमच नव्हता. शूमाकरने त्या वर्षी अकराव्याच शर्यतीत, सहा शर्यती शिल्लक असताना, किताब पक्का केला. गरजच नसलेल्या गुणांसाठी एका उत्तम ड्रायव्हरचा हक्काचा विजय घेतला गेला. या सबंध इतिहासात याहून निरर्थक आदेश सापडणे कठीण आहे.

२००३ पासून शर्यतीच्या निकालावर परिणाम करणारे आदेश नियमाने बंद झाले. नियम चांगल्या हेतूने आला, पण तो पाळून घेण्याचा मार्ग नव्हता. ड्रायव्हरने आपणहून वाट सोडली की सांगितल्यावरून, हे कोण सिद्ध करणार? पिटमध्ये दोन सेकंद जास्त लागले ते चुकून की ठरवून? आदेश थांबले नाहीत, सांकेतिक झाले. २५ जुलै २०१० रोजी हॉकेनहाइमला फेरारीचा फेलिपे मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, हंगेरीत समोरच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग डोक्यावर आदळून तो मरणाच्या दारातून परतला होता. त्याच्या इंजिनिअरने रेडिओवर सांगितले की फर्नांडोचा वेग तुझ्यापेक्षा जास्त आहे, हे कळले का ते सांग. त्या वाक्यात आदेश कुठेच नव्हता आणि जगभरच्या प्रेक्षकांना तो स्पष्ट ऐकू आला. मासाने आपल्या सहकाऱ्याला, फर्नांडो अलोन्सोला, वाट दिली. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र कायम राहिला. हंगामाच्या शेवटी अलोन्सो चार गुणांनी मागे राहिला आणि किताब रेड बुलच्या वेटेलला मिळाला. पुढच्या हंगामापासून बंदी उठली. जो नियम लोकांना खोटे बोलायला शिकवतो तो काढणेच योग्य होते.

बंदी असतानाच या विषयातली सर्वांत काळी घटना घडली. २००८ मध्ये सिंगापूरला रेनोच्या नेल्सन पिके ज्युनियरने भिंतीवर मुद्दाम गाडी आदळली, सुरक्षा-गाडी बाहेर आली आणि नुकताच पिट स्टॉप उरकलेला, पंधराव्या स्थानावरून सुटलेला अलोन्सो शर्यत जिंकला. वर्षभराने पिके ज्युनियरनेच ते उघड केले. ही घटना आदेशांच्या यादीत घालणे हाच आदेशांवर अन्याय आहे. सहकाऱ्याला वाट देणे आणि मार्शल, प्रेक्षक, इतर ड्रायव्हर यांचा जीव धोक्यात घालणे या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत.

बंदी उठल्यानंतर प्रश्न आदेश मानावा की नाही इथे आला. २४ मार्च २०१३ रोजी सेपांगला रेड बुलने दोघांना सांकेतिक आकडा दिला: मल्टी २१, म्हणजे २ क्रमांकाची वेबरची गाडी पुढे, १ क्रमांकाची वेटेलची मागे. वेबरने इंजिन मंद केले. वेटेलने त्याच्यावर चढाई करून शर्यत जिंकली, आधी माफी मागितली आणि पुढच्याच शर्यतीच्या वेळी आपण पुन्हा तेच करू असे सांगितले. त्याच दुपारी मर्सिडिजच्या रोसबर्गने हॅमिल्टनच्या मागे राहण्याचा आदेश पाळला, आपण वेगवान आहोत हे सांगत सांगत. विजयमंचावर हॅमिल्टननेच कबूल केले की तिसरी जागा रोसबर्गची होती. वेटेलने ते वर्ष १५५ गुणांच्या फरकाने जिंकले. शब्द मोडूनही त्याला त्या गुणांची गरज पडली नाही.

हॅमिल्टनने पुढे २०१७ मध्ये हंगेरीत एक सुंदर गोष्ट केली. सहकारी बोटासने त्याला पुढच्या फेरारी गाड्यांवर हल्ला करायला वाट दिली. हल्ला जमला नाही तर जागा परत द्यायची असे ठरले. बोटास बराच मागे पडला होता आणि त्याच्या पाठीवर व्हर्स्टापेन होता. तरी हॅमिल्टनने अखेरच्या वळणावर वेग कमी करून तिसरी जागा परत केली, वेटेलशी किताबाची चुरस चालू असताना तीन गुण सोडून. असे प्रसंग मोजकेच आहेत, म्हणून त्यांची आठवण ठेवायला हवी.

भारतीय प्रेक्षकाला या प्रश्नाची झळ त्याच हंगामात फोर्स इंडियामुळे लागली. या संघाने पेरेझ आणि एस्तबान ओकॉन यांना मोकळे खेळू दिले होते. कॅनडात पेरेझने वाट सोडली नाही, बाकूला दोघे एकमेकांवर आदळले आणि स्पाला पुन्हा दोनदा. मग संघाने त्यांच्यातली मोकळी झुंज थांबवली. आदेशाविना खेळ शुद्ध राहतो असे मानणाऱ्यांनी त्या संघाचा २०१७ चा हंगाम आवर्जून पाहावा.

अलीकडचा सर्वांत मोठा प्रयोग मॅक्लारेनचा आहे. दोन्ही ड्रायव्हर समान, कोणीही पहिला-दुसरा नाही, आणि संघाच्या निर्णयाने कोणाचे नुकसान झाले तर ते भरून द्यायचे, हे त्यांचे तत्त्व. २०२४ मध्ये हंगेरीत संघाने नॉरिसला आधी टायर बदलायला बोलावले, त्याने तो पियास्त्रीच्या पुढे आला. इंजिनिअरने फेऱ्यामागून फेऱ्या विनवल्यावर त्याने जागा परत केली आणि पियास्त्री पहिली ग्रां प्री जिंकला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी मोंझाला परतफेड मागितली गेली. नॉरिसने पियास्त्रीला आधी टायर बदलू दिले होते, मग नॉरिसचा स्टॉप रेंगाळला आणि पियास्त्री पुढे गेला. पियास्त्रीने रेडिओवर आक्षेप घेतला की रेंगाळलेला स्टॉप हा शर्यतीचाच भाग असल्याचे आपले ठरले होते. तरीही त्याने दुसरी जागा दिली. त्या वेळी गुणतक्त्यात आघाडीवर पियास्त्रीच होता.

डिसेंबरमध्ये अबु धाबीला हंगाम संपला तेव्हा नॉरिसचे ४२३ गुण झाले, व्हर्स्टापेनचे ४२१, पियास्त्रीचे ४१०. बाकी सारे निकाल तसेच धरले, तर मोंझाच्या त्या तीन गुणांशिवाय नॉरिसचे ४२० झाले असते आणि किताब व्हर्स्टापेनला गेला असता. तरीही नॉरिसचे विजेतेपद कमअस्सल ठरत नाही. आदेश उघड दिला गेला, सर्वांनी तो ऐकला, आणि तसाच आदेश आदल्या वर्षी नॉरिसनेही पाळला होता. कमी पडली ती आधीची स्पष्टता: रेंगाळलेला स्टॉप करारात बसतो की नाही, यावर दोन सहकाऱ्यांत शर्यत चालू असताना वाद व्हायला नको होता. आदेशावर पुन्हा बंदी घालून हे सुटणार नाही. प्रत्येक संघाने आपल्या ड्रायव्हरांमधले नियम हंगामाच्या आधी लिहून जाहीर करावेत, आणि जागतिक संघटनेने त्यांना तसे करायला लावावे.